तुम्ही जामीन राहिलात तेव्हा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग जात नाही. गावात लोक अजून सांगतात, माणूस दिलदार होता. दिलदारी तुमची, भोगलं आम्ही.

एसटीतल्या तुमच्या दोस्तानं पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि तुम्ही जामीन म्हणून सही केली. कागद वाचलासुद्धा नाही. तो गाव सोडून पळाला, आणि संस्था तुमच्या पगारातून त्याचे हप्ते कापू लागली. आईला हे कळलं धाड गावच्या बाजारात, परक्या बाईच्या तोंडून. मी पीठ मळतेय, ती रिकामी पिशवी घेऊन दारातच उभी, "मले सांगतलं काऊन नाही?" तुम्ही जेवता जेवता म्हणता, "त्यात बाईले काय इचाराचं? सहीच तं केली!" मग आईनं दुसऱ्यांच्या शेतात मिरच्या तोडल्या. माझं नर्सिंग राहिलं. फीचं विचारलं तेव्हा तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "पोरीच्या जातीले इतकी हाव बरी नाही."

आता माझी स्वतःची रोपवाटिका आहे, मिरचीच्या रोपांची. दचकू नका, तीही कर्जावरच उभी केली. शेडनेटसाठी बँकेत गेले तेव्हा साहेबाला हैराण केलं. व्याज उरलेल्या रकमेवर लागणार की सगळ्या रकमेवर? हंगाम बुडाला तर काय? आधी फेडलं तर दंड आहे का? साहेब जास्त द्यायला तयार होता. रोपं विकून हप्ता निघेल एवढंच घेतलं. हे तुम्ही शिकवलं नाही, तुमच्यामुळे शिकावं लागलं.

परवा चुलतभाऊ आला. जीप घ्यायचीय, जामीन राहा म्हणाला. मी विचारलं, "तुह्यानं हप्ते नाही भरले गेले, तं मले भरता येतीन काय? नाही येत. मंग मी सही नाही करत."

तो चहा अर्धा ठेवून उठला. "काका असते तं इतकं इचारलं नसतं."

"हो ना. म्हनूनच इचारते."

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? तुम्ही असता तरी पाठवलं नसतं. चारचौघांत वाचून दाखवून हसला असतात. एक मात्र लिहून टाकते. 'काका' म्हणताना त्याचा आवाज जसा मऊ झाला, तसा माझं नाव घेताना कुणाचाच होत नाही. मला तुमचा हेवा वाटला, बाबा. अजून वाटतो.