दोघांच्या संमतीनं

४ जानेवारी, शनिवार

झालं! वकीलबाईंना भेटून आले. आता माघार नाही.

बाई माझ्याच वयाच्या असतील. टेबलावर कागदांचा हा डोंगर, पण हवा तो कागद हात घातला की बाहेर! अशी माणसं मला आवडतात. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वीस वर्षांचा संसार. मारहाण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. वर्ष होऊन गेलं, वेगळे राहतोय. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीनं दिलेल्या खोलीवर, मी इथं घरात. लेक शिकायला बाहेर. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग अडलंय कुठं?"

म्हटलं, "बाई, या माणसानं वीस वर्षांत आज भाजी कुठली करायची तेसुद्धा सांगितलेलं नाही. 'तू म्हणशील तसं.' घर घेतलं, तू म्हणशील तसं. लेकीचं नाव, तू म्हणशील तसं. वेगळं राहू या म्हटलं, तेव्हाही तेच! सगळं ठरवून ठरवून मी दमले." बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. रागच आला स्वतःचा.

बाई म्हणाल्या, "घटस्फोटासाठी दोघांच्या संमतीचा अर्ज करू. सगळ्यांत सोपा. पण एक लक्षात ठेवा, शेवटच्या तारखेलासुद्धा दोघांपैकी एकानं 'नाही' म्हटलं की सगळं मुसळ केरात. मग भांडूनच मिळवावा लागतो, आणि त्यात वर्षंच्या वर्षं जातात. तुमचे मिस्टर तयार आहेत ना?"

"आहेतच," म्हटलं. तो आजवर कशाला नाही म्हणालाय!

५ जानेवारी, रविवार

तो आला होता, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलंय ते बसवायला. हत्यारांची पिशवी घेऊन खाली बसला होता, तेव्हाच सांगून टाकलं. "आपण घटस्फोटाचा अर्ज करतोय. दोघांच्या संमतीनं. गुरुवारी सोळा तारखेला वकिलांकडे सहीला ये, दुपारची रजा टाक. आणि येताना ओळखपत्र विसरू नकोस."

स्क्रू पिळत होता. पिळत राहिला. मग म्हणाला, "बरं." आणि पिशवी उचलताना — "तू म्हणशील तसं."

मिळाली संमती! पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लोक उगाच बाऊ करतात. दार मात्र झकास बसवून गेला, आता आवाजसुद्धा करत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ताईचा फोन. पाऊण तास! "अगं, गाईसारखा माणूस. माझा नवरा एक दिवस तरी असा गप्प बसला असता तर मी पेढे — जाऊ दे. तुला सुख टोचतंय." मी म्हटलं, "ताई, तू ये इथं, वर्षभर त्याच्याशी बोलून दाखव, मग बोलू." तिनं फोन आपटला. आपटू दे.

१० जानेवारी, शुक्रवार

लेकीला कळवलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा काय म्हणाले?" सांगितलं, बरं म्हणाले. "हं," म्हणाली. मग परीक्षेचं बोलत बसली.

१६ जानेवारी, गुरुवार

सह्या झाल्या. मी पान उलटायचं, बोट ठेवायचं, त्यानं सही करायची. एकदाच विचारलं, "इथंपण?" म्हटलं, इथंपण. वकीलबाई चष्म्यावरून आमच्याकडे बघत होत्या. मध्येच त्याला म्हणाल्या, "तुम्ही वाचलंत का हो?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी वाचलंय ना."

जिना उतरताना तो म्हणाला, इथल्या लिफ्टचा ब्रेक घासतोय, कुणीतरी बघायला हवं. एवढंच बोलला! वीस वर्षं मोडायला आलो होतो आम्ही.

२९ जानेवारी, बुधवार

अर्ज परत आला. हसू की रडू!

कोर्टातल्या कारकुनानं त्याची सही जुन्या कागदांशी ताडून बघितली. घराचा करार, विमा, ओळखपत्राचा अर्ज. एकही जुळेना! जुन्या सगळ्या सह्या एकसारख्या, ठसठशीत, खाली रेघ. अर्जावरची मात्र बारीक, वाकडी, कशीबशी उमटलेली. कारकुनाचा शेरा — नवऱ्याची सही खोटी असल्याचा संशय.

वकीलबाईंनी मला समोर बसवलं. "खरं सांगा. या सह्या जुळत का नाहीत?" म्हटलं, "बाई, तुमच्यासमोर त्यानंच केली की! अर्जावरची तेवढी खरी आहे. बाकीच्या सगळ्या मी केल्यात."

बाईंचा चेहरा बघायला हवा होता. पण त्यात काय? सुरुवात लेकीच्या शाळेच्या वहीपासून झाली. तो पहाटे कामावर जायचा, शिक्षिका सही मागायच्या, मी करून टाकायची. मग विम्याचा माणूस दारात उभा, हा कुठल्यातरी इमारतीच्या बाराव्या मजल्यावर लटकलेला. केली. मग तो घरात असतानाही मीच करायला लागले. तो म्हणायचाच, "तूच कर, तुझी चांगली येते." लग्नानंतर या माणसाची सही म्हणजे माझाच हात!

"हा गुन्हा आहे, कळतंय का तुम्हाला?" बाई कडाडल्या. मी 'चुकलं' म्हटलं. पहिल्यांदाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निस्तरतेय. मी हटणाऱ्यांतली नाही. बाईंनी त्याचं प्रतिज्ञापत्र केलं, अर्जावरची सही त्याचीच आहे म्हणून. अधिकाऱ्यासमोर त्याला दहा वेळा सही करायला लावली. मी शेजारी उभी. पहिली हलली, दुसरी रेघेबाहेर. सहाव्या-सातव्यापासून जरा जमायला लागली. अधिकारी म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मला! बाहेर!

काचेतून बघत होते. मान खाली घालून लिहीत होता, जीभ दातांत धरून, परीक्षेला बसल्यासारखा. कसंतरीच झालं मला. चहा प्यायले आणि परत कामावर गेले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज सोमवारीच दाखल झाला. सहा महिने थांबायचं, मग शेवटची तारीख १२ ऑगस्ट. पण सह्यांच्या भानगडीमुळे न्यायाधीशबाईंनी फाईलवर लिहून ठेवलंय, की पतीची इच्छा त्याला एकट्याला आत बोलावून, दार लावून विचारली जाईल. वकीलबाई वैतागल्या. "एरवी दोन मिनिटांचं काम असतं हो! तुम्ही स्वतःच्या हातानं वाढवून ठेवलंत."

काही बिघडत नाही. विचारू दे. 'बरं' म्हणेल.

१८ मे, रविवार

तीन महिने गेले. घर रंगवलं. पिवळं.

२० जून, शुक्रवार

आज आमच्या शिवणकामाच्या वर्कशॉपवर एक जोडपं आलं होतं, पडद्याचं कापड निवडायला. दोन तास चाळत होतं. तिला निळं, त्याला करडं, मग तिला करडं, त्याला निळं! मी मोजपट्टी गळ्यात घालून उभी. शेवटी मीच एक ठाण ओढलं, म्हटलं हेच घ्या, आणि कात्री चालवली. खूश होऊन गेले. शिलाईवाली म्हणाली, "मावशी, तुमच्यापुढे कुणाचं काय चालतंय!" म्हटलं, कुणीतरी ठरवायला नको का? नाहीतर संध्याकाळपर्यंत तिथंच बसले असते.

३० जुलै, बुधवार

त्याचा फोन. हा आपणहून फोन करत नाही कधी! "काय रे?" म्हटलं. "काही नाही." मग, "तारीख बाराच ना?" म्हटलं, "बाराच. सकाळी अकरा वाजता कोर्टाच्या गेटपाशी ये. निळा शर्ट घाल, इस्त्री करून. आणि आत गेल्यावर माझ्याकडे बघत बसू नकोस, मी आत नसणार." "बरं," म्हणाला. तरी फोन ठेवेना. मीच ठेवला, भांडी पडली होती.

नंतर वाटलं, काही बोलायचं होतं की काय. असतं तर बोलला असता.

११ ऑगस्ट, सोमवार

उद्या.

कागद दोनदा तपासले. वकीलबाईंचा फोन येऊन गेला, "धीर धरा, उद्या दुपारपर्यंत मोकळ्या व्हाल." ताईसुद्धा येतेय म्हणे, रागानं का होईना. लेक म्हणाली, "आई, तू ठीक आहेस ना?" म्हटलं, ठणठणीत!

आहेच ठणठणीत. रडले दुपारी, ते खोटं कशाला लिहू? वाईट माणूस असता तर सोपं होतं. शिव्या घालून निघाले असते. हा चांगला आहे आणि तरी मला नको आहे, हे कुणाला समजावणार? पण मला उरलेलं आयुष्य एकटीनं ठरवायचं नाहीये दोघांचं. एकीचं ठरवायचंय. जमेल. सगळं जमलंय आजवर.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नाही म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी त्याला म्हटलं, सात महिने झाले, मग आधी का नाही बोललात? तर म्हणाला, "मला कुणी विचारलंच नव्हतं. सांगितलं होतं."

वकीलबाईंनी आतला जबाब वाचून, बाहेर बाकावर बसवून मला हे शब्दाला शब्द सांगितलं. मी सगळे महिने आठवून बघितले, सगळी वर्षंसुद्धा. एकदाही नाही विचारलं.

घटस्फोट मला अजूनही हवाय. पण उद्या त्याच्या खोलीवर जाणार आहे. विचारायला.