जसं म्हटलं तसं

ता. ९ मार्च, रविवार
मुलींचं वसतिगृह, खोली २१७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनींना नमस्कार आणि छोटीला गोड पापा. दोन वर्षांची झाली ना आता? बोलायला लागली असेल तर तुझ्यासारखी मोजून बोलते की माझ्यासारखी अखंड, तेवढं कळव. तू कटिंग मास्टर झालास हे वहिनींकडून कळलं. फार बरं वाटलं. घरी बाबांची तब्येत ठीक आहे, दुकान चालू आहे. सुईत दोरा ओवायला हल्ली चष्म्यावर चष्मा लावतात, पण दुसऱ्याला ओवू देत नाहीत.

माझं एम.ए.चं शेवटचं सत्र चालू आहे. प्रबंध होत आलाय. खोलीतली मैत्रीण म्हणते, मी झोपेत परक्या भाषेत बडबडते आणि तेव्हाचं माझं व्याकरण जागेपणीपेक्षा बरं असतं.

पण आज तुला सांगायचंय ते आमच्या बाईंबद्दल. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. बाविसाव्या वर्षी आमची ही परकी भाषा शिकायला लागल्या आणि गेली एकतीस वर्षं ती शिकवतायत. पोरं त्यांना मागून 'चाळणी' म्हणतात, कारण भाषांतरातला एक खडा त्यांच्या हातून सुटत नाही. पहिल्या वर्षी माझं एकच पान त्यांनी सहा वेळा परत केलं. सातव्या वेळी काही न बोलता ठेवून घेतलं, तर मी त्या दिवशी विभागाच्या जिन्यावर बसून रडले होते. रागाने नाही, आनंदाने.

डिसेंबरात, आमचा वर्ग चालू असताना, बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. फळ्यावरचं वाक्य अर्धं राहिलं आणि त्या खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नऊ दिवसांनी वाचा परत आली, पण आपली नाही. ही परकी आली. आपण बोललेलं सगळं त्यांना कळत होतं, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की तीच भाषा बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, हळूहळू दुसरीही परतेल, घाई करू नका.

बाईंना जवळचं माणूस एकच, धाकटे भाऊ; मी त्यांना काका म्हणते. वीज खात्यात मीटर तपासायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना या भाषेतलं अक्षर येत नाही. बिचारे विभागात आले आणि म्हणाले, "अक्का काहीतरी मागते आणि मला कळत नाही. कुणीतरी चला हो." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हुशार म्हणून नाही, माझं वसतिगृह रुग्णालयाला लागून आहे म्हणून.

तेव्हापासून दीड महिना मी रोज चार ते सहा तिथे जात होते. खाटेच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मी. उशी, खिडकी, पाणी, दिवा बंद कर, एवढ्यावरच पहिले दिवस गेले. काकांनी एक वही केली. बाईंचा प्रत्येक शब्द ते आपल्या अक्षरांत लिहून घ्यायचे, समोर अर्थ, आणि घरी पाठ करून यायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी! आठवड्याने ते मला म्हणाले, "अगं पोरी, तू येण्याआधी दिवसभर तिला मुकं ठेवायचं का मी? शिकव मला." मी शिकवायला लागले. उच्चार असे की ऐकवत नव्हते, पण एक दिवस चुकला नाही. दादा, मी सहा वर्षं ही भाषा शिकतेय, पण तिच्यासाठी एवढा जीव टाकलेला विद्यार्थी मी पाहिला नाही.

जानेवारीत घरी सोडायचं ठरलं. काकांनी परस्पर बेत आखला होता: अक्काने राजीनामा द्यायचा, तिची विभागामागची खोली सोडायची आणि कायमचं त्यांच्याकडे राहायला यायचं. त्यांनी ते फार प्रेमाने सांगितलं. खालची खोली रंगवून घेतली होती, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून, शब्द शोधत शोधत, त्या भाषेत म्हणाल्या की याच्या घरी मी जाणार नाही. तिथे मला सगळे सांभाळतील आणि विचारणार कुणी नाही.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "बाई म्हणतायत, विचार करून सांगते."

बाईंनी डावा हात खाटेच्या दांडीवर आपटला. नर्स धावत आली. तिला त्यांनी हातानेच बाहेर जायला सांगितलं. मग त्या माझ्याशी बोलल्या. तेव्हा त्या भाषेत ऐकलेलं आपल्या भाषेत असं होईल: "माझं तोंड काही दिवस तुझ्याकडे दिलंय. ते पुसायचं काम तुझं नाही."

मला मान वर करवेना. पण मग मी बाईंचं वाक्य जसं होतं तसं काकांना सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता उठून जाईल. ते गेले नाहीत. वही मिटली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "खरं आहे. विचारलं नाही मी. अक्का, तुला काय हवंय?"

बाईंना त्यांची खोली हवी होती, पुस्तकं हवी होती आणि आमचे प्रबंध तपासायचे होते. आता त्या तिथेच आहेत. काका रोज सकाळी येतात. न्हाणीघरातली दांडी त्यांनी स्वतःच्या हाताने काढून तिथे नेऊन बसवली. आणि गेल्या महिन्यात वहीतलं एक वाक्य ते मोठ्या ऐटीत वाचत होते, तर बाई आपल्या भाषेत म्हणाल्या, "चूक." दोन महिन्यांतला पहिला आपला शब्द! काका हसता हसता रडायला लागले, आणि बाईंनी त्यांच्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणून घेतलं.

दादा, इथवर सगळं तुला सहज सांगता आलं. पुढचं सांगायला कालपासून बसलेय.

माझा प्रबंध माफीच्या शब्दांवर आहे. आपल्याकडे 'माझं चुकलं' म्हणतात ते त्या भाषेत कसं न्यायचं, यावर एक अख्खं प्रकरण आहे. बाईंनी ते डाव्या हाताने तपासलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आहे, पण नजर तीच. समासात एकच प्रश्न लिहिला होता: "हे वाक्य कोण कुणाला म्हणालं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. बाईंनी त्या प्रश्नाखाली एक रेघ ओढली.

ते बाबा म्हणाले होते. तुला.

तू घर सोडलंस त्याला तीन आठवडे झाले होते. त्या कोटाची बाही आखूड बेतली म्हणून बाबांनी गिऱ्हाइकांसमोर तुझ्या हाताला नावं ठेवली होती, ते तू विसरला नसशील. तर तीन आठवड्यांनंतरच्या त्या दुपारी बाबांनी मला दुकानात हाक मारली. समोर मापाची वही उघडी होती. बाहीचं माप त्यांच्याच अक्षरात चुकीचं लिहिलेलं होतं. तू वहीप्रमाणेच कापलं होतंस. बाबा म्हणाले, "त्याला फोन कर. म्हणावं, माझं चुकलं. माप मीच चुकीचं लिहिलं होतं."

मी फोन केला आणि तुला सांगितलं, "बाबांचा राग गेलाय, आता ये."

बाबांच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते तसंच्या तसं तुझ्यापर्यंत न्यायची मला लाज वाटली. वाटलं, बाबा लहान होतील. मी त्यांना सांभाळत होते. तू म्हणालास, "त्यांचा राग गेला, छान झालं. माझा कुणी विचारला का?" आणि फोन ठेवलास. बाबांनी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हटलं. "काय म्हणाला?" मी म्हटलं, "विचार करतो म्हणाला."

म्हणजे चार वर्षं तू समजतोयस की बाबांनी तुला माफ केलं, जे तुला नकोच होतं. आणि बाबा समजतायत की त्यांनी माफी मागितली आणि तू दिली नाहीस. छोटी झाली तेव्हा ते आले नाहीत ते हट्टाने नाही, दादा. त्यांना वाटलं, तुला ते आलेले नको आहेत.

मागच्या रविवारी घरी जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून तयारीत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याला कळलंच नाही." आणि थोड्या वेळाने, "आता तरी नीट सांग."

फोनवर माझी जीभ पुन्हा फिरली असती, म्हणून कागदावर लिहितेय. बाबांचे शब्द तेवढेच खाली देते. त्यात माझा एकही नाही. वाचून तुला राग आला तर तो खुशाल कर, पण माझ्यावर, बाबांवर नको.

"माझं चुकलं. माप मीच चुकीचं लिहिलं होतं."

आणि दादा, माझंही चुकलं.

तुझी धाकटी बहीण