लॅपटॉपमधला जुना कॉम्प्युटर

फुलचूर, गोंदिया
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय संघदीप,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. धान निघाला, माझी शाळा सुरू आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात वीज पडली आणि आपला जुना कॉम्प्युटर जळाला. डिस्क तेवढी वाचली. लकव्यानंतर बाबा बोलतात ते तुझ्याच प्रोग्रामवर. ते चित्र दाबतात आणि तुझा आवाज बोलतो. नव्या लॅपटॉपवर तो उघडेचना. बाबा पुन्हा मुके झाले.

मी मोबाइलवर एक ॲप घेतलं. त्यातली बाई म्हणाली, "कृपया मला पाणी द्या." शेजारच्या धुरपताबाई दारातूनच ओरडल्या, "कोन पाहुनी आली वो दुर्गा? पानी मांगाले काऊन लाजून राहिली?" बाबांनी मोबाइल दूर सारला.

शेवटी शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी रीता आली. "दीदी, नए के अंदर ही पुराना बिठाना पड़ेगा." व्हर्च्युअल मशीन. तुला हे मी काय सांगू! लॅपटॉपवर एक खिडकी उघडली आणि तिच्यात आपला जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा सुरू झाला. घर बदललं हे तुझ्या प्रोग्रामला कळलंही नाही. बाबांनी डाव्या हाताने बटण दाबलं. "दुर्गे, च्या दे." मी चहा ठेवायला गेले, ती लवकर बाहेर आले नाही.

सगळी बटणं परत आली. "नाई पायजे" हेसुद्धा. तू लग्न करून तिला घेऊन दारात उभा होतास तेव्हा बाबांनी तेच दाबलं होतं, पुन्हा पुन्हा, तुझ्याच आवाजात. तो नकार खराच होता, मी खोटं सांगणार नाही.

आता मात्र ते माझ्या मोबाइलवरचा तुमच्या लग्नाचा फोटो मागतात. तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवतात आणि मग लॅपटॉपवर शोधत बसतात. दुर्गा आहे, संघदीप आहे. तिचं बटण नाही.

रीता म्हणाली, "मैं बोल देती हूँ." तिने नाव रेकॉर्ड करून ऐकवलं. बाबांनी "नाई पायजे" दाबलं. ती हिरमुसली. मला कळलं. बाकी सगळं ते तुझ्या तोंडून बोलतात, हे एकच नाव परक्या आवाजात कसं घेतील?

तेवढा एक शब्द रेकॉर्ड करून पाठव. राग असला तर तो मला वेगळा लिही. रोज हाक मारतोस तसंच म्हण, "नीतू".

पुढचं "घरी चाल" त्यांच्याकडे आहे. ते दवाखान्यात होते तेव्हा ते बटण तूच केलं होतंस.

तुम्हा दोघांची,
ताई