सहाव्या वर्षीची उंची

२ मार्च
लेकीनं आज या वृद्धाश्रमात आणून सोडलं. खोली ऐसपैस, उजेड भरपूर. चाळीस वर्षं लहान मुलांचा डॉक्टर म्हणून राबलो. आता दुसऱ्यांनी माझी नाडी बघावी! इथल्या मुख्य बाई ठेंगण्या, जेमतेम सव्वाचार फूट, पण कामाला चोख. सांधेदुखीवर पांढरी गोळी रोज सकाळी स्वतःच्या हातानं देणार आहेत. कसली, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आजोबा, आता डॉक्टरकी पुरे. मलाही हसू आलं.

१९ मार्च
गुडघे कुरकुरत नाहीत. जेवण दुप्पट. शेजारच्या खोलीतले मास्तर म्हणतात, तुम्हाला इथलं पाणी मानवलं.

६ जून
आरशात बघून चरकलो. चेहरा गरगरीत वाटोळा, हातपाय काटकुळे, दंडावर निळे डाग. असली मुलं मी कितीतरी तपासलीत. गोळी स्टेरॉइडची आहे. तीन महिने! बाहेरून एवढं मिळालं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं काम सोडून देतात.

७ जून
बाईंना जाब विचारला. त्यांनी दार लोटलं आणि आवाज न चढवता सांगितलं. सहा वर्षांच्या असताना त्या वर्गात सगळ्यांत उंच होत्या. नको त्या वयात अंगावर केस आले होते. आई घाबरून माझ्याकडे घेऊन आली. पोर ताडासारखी वाढतेय, कौतुक करायचं सोडून रडता काय, असं म्हणून मी त्यांना घरी पाठवलं. आजार याच ग्रंथींचा होता. हाडं वेळेआधी पक्की झाली, दहाव्या वर्षी वाढ थांबली ती कायमची. त्यांना हवी होती ती हीच गोळी.
"तेव्हा दिली नाहीत, म्हणून मी तुम्हाला दिली," म्हणाल्या. "उद्यापासून बंद."
मला ती आई आठवतसुद्धा नाही.

८ जून
एकदम बंद केली तर जीव जातो. त्यांना ठाऊक आहे. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, बाईंनी आधीच सांगितलं होतं, तुम्ही असे संशय घ्याल.

१० जून
उलट्या. उठलो की अंधारी येते. फोन बाईंनी काढून घेतलाय, दाराला बाहेरून कडी. मास्तरांना हाक मारली — त्यांची खोली बदललीय.

११ जून
बाईंचे पाय धरले. माफी मागितली. म्हणाल्या, आईची मागा. ती मरेपर्यंत स्वतःलाच बोल लावत —

१२ जून
बाईंनी एक गोळी भिंतीतल्या फळीवर ठेवलीय. स्वतःच्या डोक्याच्या उंचीला, मोजून. या उंचीवर माझा जन्म निघाला, म्हणाल्या, तुमची एक सकाळ निघेल. गेल्या.
जमिनीवर बसलोय. हात पुरत नाही — चार बोटं कमी. गुडघ्यांवर तरी उठायला हवं. एकदाच. भिंत धरून —