फ्लेवियाचं चौथं वर्ष

लग्नाची तारीख ठरवलीस, बँडवाला सांगितलास, पण पोरीला विचारलंस का? मोठा शहाणा लागून गेलास!

ऑगस्टीन बाबा, कुवेतात सुखी राहा.

तुझ्या फ्लेवियाला ऑनर्सला घेतलंय. म्हणजे कॉलेजचं चौथं वर्ष, त्यात आपल्या मरोळ गावठाणातल्या विहिरींचा अभ्यास. महिनाअखेरीपर्यंत कॉलेजला हो म्हणायचंय. ती म्हणाली, "आजी, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या न्हाणाला उंबराचं पाणी कुठल्या विहिरीचं आणायचात गं?" जाळी ठोकलेल्या विहिरीपाशी बसून मी सांगत गेले, ऊन उतरलं तरी सांगतच होते. पोर माझं बोलणं वहीत लिहीत होती. माझं! मला दुसरीतून काढलेलं ते तिथंच पाणी भरायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला, तर स्वप्नात मी तिच्या वर्गात. फरशीवर घोट्याएवढं गार पाणी, आणि मास्तर विचारील ते सगळं मला येतंय. उठावंसंच वाटेना.

"लग्न उरकून टाक," असं तुला फोनवर मीच म्हटलेलं. चुकले. एवढं कबूल करायला लागतं म्हणून हे पत्र चार दिवस अर्धंच पेटीत पडून होतं.

लग्न वर्षभर थांबेल. उत्तर मला नको, फ्लेवियाला दे. आणि तूच द्यायचं, बायकोला पुढे करायचं नाही.

तुझी आई,
सेराफिना