जागा आहे का?

सोमवार, ५

आलो एकदाचा! कायमची नोकरी, तीही खुर्चीवर बसून. बोल्टचे आटे नीट पडलेत की नाही ते तपासायचं. दिवसभर जगाचे स्क्रू बघशील, तुझा कोण बघणार, असं बायको निघताना म्हणाली. ती आणि सहा वर्षांची छकुली सध्या तिच्या माहेरी आहेत. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, अठराला दोघी इथे येतील. तोवर मी घरमालकीणबाईंच्या मागच्या खोलीत. जेवणही त्यांच्याचकडे.

खोली एका टोकाला, कारखाना दुसऱ्या टोकाला, मध्ये सव्वा तासाची गाडी. बाकाचं निळं रेक्झिन फाटून स्पंज बाहेर आलाय, पण पहिल्याच दिवशी खिडकी मिळाली. बाहेर रंगाचा कारखाना, मग काचेचा, मग पत्र्याचा, मग एक बंद पडलेला, ज्याचं नुसतं धुराडं उरलंय. मला हे सगळं बघायला आवडलं.

गुरुवार, ८

डब्यातली मंडळी ओळखू लागली. समोर टर्नरकाका बसतात, निवृत्तीला टेकलेले. गाडी सुटली की अख्खा डबा माना टाकतो. आज काकांनी मला इथला नियम सांगितला. झोप खुशाल, पण झोपेत कुणाला उत्तर देऊ नको. कुणी जागा आहे का विचारलं, तर आधी डोळे उघडायचे, माणूस दिसला तरच बोलायचं. मी म्हटलं, जागा अडवायची ही बरी युक्ती आहे. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी फोनवर छकुलीची शिकवणी घेतली. गाडीत कुणी उभं दिसलं की सरकायचं आणि म्हणायचं, "बसा ना, जागा आहे." पोरीने दहा वेळा म्हणून दाखवलं. कुणी उभं राहिलेलं तिला बघवत नाही, घरी आलेल्या पोस्टमनलाही बसवते.

सोमवार, १२

अंग आंबून गेलंय. दोघे आजारी पडले, त्यांच्या पेट्याही माझ्याच टेबलावर आल्या. डोळे मिटले तरी आटे फिरत राहतात. खोलीवर आलो की बूट काढायचाही कंटाळा येतो. अजून सहा दिवस. दोघी आल्या की बरं वाटेल.

मंगळवार, १३

परतताना गाडीत डोळा लागला. त्या बंद कारखान्यापाशी गाडी सिग्नलला थांबली, इतकं कळलं. कुणीतरी हळू, फार दमलेल्या आवाजात विचारलं, "जागा आहे का?"

झोपेत मला वाटलं, मी जागा आहे का असं विचारतायत. "आहे," म्हणालो आणि सवयीने सरकलो.

डोळे उघडले तर शेजारी कुणी नव्हतं. रेक्झिन मात्र दबलेलं होतं. माझ्या देखत ते हळूहळू वर आलं. काका बघत होते. मी बघितल्यावर त्यांनी तोंड फिरवलं.

बुधवार, १४

गेटवरचा माणूस म्हणाला, तुम्ही तर मघाशीच आत गेलात. हजेरीपटावर माझी सही, माझ्याच वळणाची. टेबलावर दुपारपर्यंतचं काम उरकलेलं, एक चूक नाही. साहेब खूश. चूक त्यांची की माझी, हे शोधायचंही त्राण नव्हतं, म्हणून पुढची पेटी ओढली.

रात्रीच्या जेवणाला बसलो तर मालकीणबाई म्हणाल्या, आत्ताच तर जेवलात, पोट आहे की पिंप? उष्टं ताट अजून मोरीत होतं.

शुक्रवार, १६

बायकोला फोन केला. ती म्हणाली, आत्ताच तर बोललो आपण. किती दिवसांनी हसलास, आवाज कसा ताजा होता, छान झोप झालेली दिसते. मी म्हटलं, तो मी नव्हतो.

तिने परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, कोण बोलतंय? आणि फोन ठेवला.

तो दमत नाही, हेच मला फार लागलं.

शनिवार, १७

उतरता येत नाही. स्टेशन आलं की उठतो — दारापर्यंत जातो — आणि पुन्हा बाकाजवळच उभा असतो. गाडी दुसऱ्या टोकाला. सकाळपासून सात फेऱ्या. वही तेवढी खिशात आहे. बसायला जावं तर बाक मला धरत नाही. उभाच आहे. पाय —

फक्त काकांना मी दिसतो. खिडकीकडे बघतच म्हणाले, "झोपेत 'आहे' म्हणालास ना? दिलीस तू तुझी जागा. आता तुला कुणी झोपेत देईल, तेव्हा तू सुटशील. देणारा इथे राहील."

विचारलं. खोटं कशाला लिहू, आठ-दहा झोपलेल्यांना विचारलं. एकानेही उत्तर दिलं नाही. पक्की माणसं.

रविवार, १८

जंक्शनला त्या दोघी चढल्या. मागून बॅगा घेऊन — मीच. दाढी केलेला, ताजातवाना. बायको त्याच्या खांद्याला टेकून हसते आहे. मी हाक मारली. ऐकू गेली नाही.

छकुली खिडकीशी. प्रवासाने दमलीय. पापण्या जड.

मी विचारणार नाही. जन्मभर उभा राहीन. विचारणार नाही.

बंद कारखाना. सिग्नल. गाडी थांबली.

तिने झोपेतच अर्धवट डोळे उघडले — माझ्याकडेच बघतेय — मी दिसतोय तिला —

नको गं बाळा. झोप. बोलू नको. मी ओठ घट्ट मिटलेत, मी काही विचारलेलं नाही, मी फक्त उभा —

उभा दिसलो तिला.

सरकतेय. हसून म्हणतेय, बसा ना, जा