ड्रायरच्या नळीत कोंबलेला नमदा

प्रिय उल्झान ताई,

तुला नि भावोजींना सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? तपकिरी घोडी व्यायली का? इकडे काराकोलमध्ये सगळं खुशाल (रीत म्हणून लिहिलं, खरं मानू नकोस). ताई, तुला तोंड दाखवायची लाज वाटते गं. तुझ्या शब्दाखातर तुझ्या जावयानं मला त्याच्या हॉटेलच्या धोबीखान्याची मुख्य केलं, आणि मी त्या शब्दाची पार माती केली.

आता वारं कमरेत भरलं की बाई आठवडाभर उठत नाही, हे तुला काय सांगायचं! (आईनं भर उन्हाळ्यात तरी बसची खिडकी उघडू दिली का कधी आपल्याला?) धोबीखान्यात चार मोठे ड्रायर, आणि चौघांची मिळून पत्र्याची एक नळी भिंतीतून बाहेर जाते. ड्रायर बंद असले की तिच्यातून बर्फाळ वारं थेट माझ्या कमरेवर. देखभालीचा मेलिस (साठीचा, घुमा, चहात तीन चमचे जाम घालणारा) सारखा मागे लागायचा, की जाळीवर साठलेली कपड्यांची लव दर खेपेला काढा, नळी महिन्याला आतून झाडू द्या, बाहेरचं तोंड मोकळं ठेवा. झाडायची म्हणजे अर्धा दिवस काम बंद, म्हणून मी त्याला पुढच्या महिन्यावर ढकलायची. आणि एक दिवस त्याची पाठ वळल्यावर जुन्या जाड लोकरी नमद्याचा तुकडा गुंडाळला आणि बाहेरून नळीच्या तोंडात गच्च बूच मारून आले. काय ऊब आली म्हणून सांगू!

फक्त टॉवेल तासाभरातही वाळेनात. मग मी शहाणीनं आच वाढवली. मंगळवारी दुपारी नळीतल्या लवेनं पेट घेतला. धूर जिन्यानं वर, आणि परिषदेला आलेले दातांचे सव्वीस डॉक्टर आंघोळीच्या झग्यांत बर्फात उभे, एकेकाचे दात कडकडा वाजताहेत. हसू नकोस. मेलिसनं धावत वीज तोडली, बंब यायच्या आत आग विझवली, म्हणून सगळे वाचले. मी मेली ड्रायरचं तापलेलं दार धरायला गेले.

मग जावयानं सगळ्यांदेखत विचारलं, नळीचं काम कुणाकडे? सगळ्यांनी मेलिसकडे पाहिलं. ताई, मीही पाहिलं. नमदा तर जळून खाक झालेला. मेलिस टोपी घालून घरी गेला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी गं! सोमवारी त्याच्या जागी नवा माणूस येतोय.

तुझी नालायक बहीण,
बुबुसारा

ता. क. आता खरं काम. सासूचा शब्द जावई मोडत नाही. सोमवारच्या आत त्याला सांग, बूच मी मारलं. मेलिसला परत घे म्हणावं, आणि मला काढ.

ता. क. २. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. हे पत्र मी सांगतेय आणि मेलिस लिहितोय. त्याच्या तोंडावर कबूल करायला जीभ रेटेना, म्हणून बहिणीला चार ओळी लिहून दे असं सांगून बोलावलं. नमद्यापाशी त्याचं पेन थांबलं. मग परत चालू झालं.

ता. क. ३. उल्झान ताई, मी मेलिस. यानंतर त्या रडायला लागल्या, शब्द कळले नाहीत, म्हणून लिहिले नाहीत. जाम मी दोनच चमचे घेतो. टपालानं हे वेळेत पोचणार नाही, तेव्हा सकाळच्या बसनं मीच घेऊन येतो.